रडणाऱ्याला पेढा नाही

आमच्या तिसरीच्या वर्गापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते, हे मी त्यांची बाई म्हणून छाती पुढे काढून सांगते.

शाळा समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब जगदाळे नातू झाल्याचे पेढे वाटत वर्गात आले. ‘आज मला काय वाटतं’ हा आमचा तास चालू होता आणि आपलं करडू मेल्याचं सांगताना विघ्नेशला रडू फुटलं होतं.

तात्या कडाडले, “बाई, पोरांना बायकांसारखं रडायला शिकवता? मर्दाची जात रडत नसते. रडणाऱ्याला पेढा नाही!”

विघ्नेशनं मान खाली घातली. गौतमी मात्र हातातला पेढा तसाच धरून उभी राहिली.

“तात्या, बाळ जन्मल्यावर रडलं का हो?”

“आधी रडेचना! डॉक्टरीणबाईंनी पाठ चोळली, तेव्हा कुठं त्यानं टाहो फोडला आणि आमच्या जिवात जीव आला.”

“मग तुमचा नातू रडला म्हणून गावभर पेढे, आणि आमचा विघ्नेश रडला तर एकही नाही?”

तात्या मिशीतल्या मिशीत हसले आणि त्यांनी अख्खा बॉक्सच विघ्नेशपुढे धरला.

अभिमानानं माझेही डोळे भरून आले होते. ते पाहून तात्यांनी निमूटपणे मलाही पेढा दिला.