गुणी मुलाचा दोर

खूप जुनी गोष्ट आहे, विहिरीची खोली पुरुषांत, म्हणजे माणसाच्या उंचीने मोजत तेव्हाची. एका गावात विहिरी खणणारा एक बाप होता आणि त्याचा एक गुणी मुलगा होता.

गुणी म्हणजे काय, तर भूक लागली तरी मागायचा नाही. चटका बसला तरी रडायचा नाही. शेजारी म्हणायचे, "पोर असावं तर असं. घरात आहे की नाही, कळतसुद्धा नाही." बाप मिशीत हसायचा. एकदाच, पाच वर्षांचा असताना, पोरगं "नको" म्हणालं होतं. बाप दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. तेवढं आयुष्याला पुरलं.

मुलाला तिशी आली. तरी तोंड उघडण्याआधी तो समोरच्याचा चेहरा बघायचा.

त्यांच्या धंद्यात एक रीत होती. विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा. त्याने हिसका दिला, की वरच्यांनी काही न विचारता त्याला ओढून घ्यायचं. वर बाप असो की राजा, हुकूम खालच्याचा.

एके दिवशी मुलगा गावच्या पाटलांच्या विहिरीत आठ पुरुष खोल खणत होता. बाजूची माती भुरुभुरु गळायला लागली.

"आबा, माती सुटतेय वाटतं," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"काही नाही."

"मग खण की. पाटलांना आज पाणी दाखवायचंय."

एक खडा पडला. मग दुसरा. भिंतीत बोटभर भेग दिसली. मुलाने दोर धरला. उगाच ओढायला लावलं आणि काही झालंच नाही तर? पाटलांसमोर आबांची मान खाली गेली तर? अजून एक खडा पडू दे, मग बघू.

खडा पडला. त्याने दोर आणखी घट्ट धरला. हिसका दिला नाही.

भिंत ढासळली.

दिवसभर उकरून लोकांनी त्याला बाहेर काढलं. जीव होता, पाय कामातून गेले होते. बाप कपाळ बडवत म्हणाला, "अरे, दोर हातात होता ना? हिसका का नाही दिलास?"

"तुम्ही रागावला असता."

"मी? मी कधी रागावलो रे तुझ्यावर?"

मुलाने सवयीने आधी त्याचा चेहरा बघितला. मग पहिल्यांदाच मान वळवली आणि म्हणाला, "मी वेळच येऊ दिली नाही, आबा."

त्यानंतर बापाने पुष्कळ विहिरी खणल्या. मुलगा एकदाही उभा राहिला नाही.

तात्पर्य: ज्या लेकराला तुम्ही "नको" म्हणू देत नाही, त्याला "वाचवा" म्हणायलाही जमत नाही.