पत्र्याखालचा गंज

समुद्राला लागून खारवणे नावाचं गाव होतं. तिथे जनार्दन पांचाळ नावाचा मिस्त्री राहायचा. गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या गावांत कोणी नव्हता. बॉनेट उघडायच्या आधी, नुसत्या आवाजावरून तो गाडीचं दुखणं ओळखायचा. लोक त्याला जनूभाऊ म्हणायचे आणि त्याचा शब्द डोळे मिटून मानायचे.

खाऱ्या हवेमुळे खारवण्यात लोखंड लवकर गंजायचं. गाडी जुनी झाली की घरोघरी एकच वाद निघायचा, दुरुस्त करायची की बदलायची. वाद वाढला की कोणीतरी म्हणायचं, जनूभाऊंना विचारा. ते ठेवा म्हणाले तर ठेवायची, काढा म्हणाले तर काढायची. जनार्दन बहुतेक वेळा ठेवा असंच म्हणायचा. चालती गाडी टाकून द्यायला सांगणं त्याच्या जिवावर यायचं. नव्या गाड्या घेणाऱ्यांची तो थट्टाही करायचा. माझ्या हाताखालून गेलेली गाडी मरत नाही, असं तो चार माणसांत सांगायचा. सांगून सांगून त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

गावच्या हायस्कुलात श्रीरंग मोरजकर नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांच्याकडे सात माणसं बसतील अशी एक गाडी होती, अठरा वर्षांची. त्यांच्या मुलीला, केतकीला, बाळंतपणाच्या दवाखान्यातून त्याच गाडीतून घरी आणलं होतं. त्यांची बायको नंदिनी आरोग्य केंद्रात नर्स होती. ती गाडी चालवायला शिकली तीही याच गाडीवर. तेव्हा कुंपणाला धडकून मागच्या दाराला पडलेला पोचा सरांनी मुद्दाम तसाच ठेवला होता.

त्या वर्षी केतकीला कोल्हापूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. रविवारी गादी, ट्रंक, आजी-आजोबा असं सगळं घेऊन घाट चढायचा बेत ठरला. पण गाडी अलीकडे एका अंगाला ओढत होती. सर म्हणत होते, दुरुस्त करून घेऊ. नंदिनी म्हणत होती, पुरे झालं, आता बदलू. केतकी तर गाडी विकण्याचा विषय निघाला की उठून आत जायची. शेवटी तिघांचंही एका गोष्टीवर एकमत झालं. जनूभाऊ सांगतील ते करायचं.

गुरुवारी सकाळी सरांनी गाडी गॅरेजवर आणून सोडली आणि ते शाळेत गेले.

जनार्दनने गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली आणि दिवा घेऊन तो खाली उतरला. पुढची चाकं पाहिली, ब्रेक पाहिले, मग हातोडीने चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकत ठोकत तो मागे सरकला. लोखंड खणखणत होतं. मागच्या डाव्या बाजूला मात्र हातोडी बद्द वाजली. जनार्दनने दिवा जवळ नेला. तिथे काळा रंग दिलेला एक जाड पत्रा होता. तो पाहताच त्याला सगळं आठवलं. तो पत्रा त्यानेच लावला होता.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी सरांनी ही गाडी आणली होती. मागच्या चाकांवरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथे चासीला अडकवतात ती जागा गंजली होती. कुजलेला भाग कापून काढायचा आणि नवं लोखंड जोडायचं, हे खरं काम. त्याला दोन दिवस लागले असते. पण गॅरेजसमोर गाड्यांची रांग होती आणि प्रत्येकाला चतुर्थीच्या आत गाडी हवी होती. जनार्दनने गंज वरवर घासला, त्यावर पत्रा वेल्ड केला, रंग मारला. सरांना म्हणाला होता, आता दहा वर्षं इकडे बघायला नको.

त्याने पत्र्याच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. गंजाचे पापुद्रे त्याच्या तळहातावर पडले. पत्रा वरून शाबूत होता आणि आतलं लोखंड राहिलंच नव्हतं. घाटात एखाद्या वळणावर ती जागा सुटली असती, तर मागची चाकं तिरकी झाली असती आणि गाडी कोणाच्याच हातात राहिली नसती.

 आधी जनार्दनच्या मनात आलं, आणखी मोठा पत्रा लावावा. कोणाला कळणार आहे? पण त्याला केतकीचा चेहरा आठवला आणि तो विचार त्याने सोडून दिला. मग दुसरा विचार आला, आणि तो त्याला बरा वाटला. गाडी काढा म्हणून सांगायचं. कारण दुसरंच द्यायचं. सरांच्या घरची माणसंही वाचतील आणि आपलं नावही राहील.

शाळा सुटल्यावर सर आले. जनार्दन हात पुसत म्हणाला, "सर, हिला आता काढा. इंजिन थकलंय. घाटात तर नेऊच नका."

इंजिन ठणठणीत होतं. ते बोलताना त्याने सरांकडे पाहिलं नाही.

 सरांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला. मग म्हणाले, तुम्ही सांगितलंत म्हणजे संपलं. रविवारी एस.टी.ने जाऊ. ते सावकाश गाडी चालवत घरी गेले. जनार्दनला हायसं वाटलं. आपण वेळेवर सांगितलं, एक घर वाचवलं, अशी त्याने मनाची समजूत घातली. तरी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्याला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर उन्हाचं कारण सांगितलं. बाहेर आभाळ भरलेलं होतं.

शनिवारी दुपारी गॅरेजवर बस्त्याव आला. त्याची गावात बेकरी होती. पावाच्या टोपल्या तो सायकलवरून आणि भाड्याच्या टेम्पोतून पाच गावांत पोचवायचा. आज त्याचा चेहरा खुलला होता. त्याने सांगितलं की मोरजकर सरांची गाडी त्याने घ्यायची ठरवली आहे. इंजिन थकलंय हे सरांनी प्रामाणिकपणे आधीच सांगितलं. त्याची काळजी नाही, मेव्हणा होड्यांची इंजिनं बांधतो, तो पाहील. संध्याकाळी गाडी ताब्यात मिळेल आणि उद्या बायको, तिन्ही मुलं आणि म्हातारी आई यांना घेऊन डोंगरापलीकडच्या चर्चच्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला, जायचं आहे.

जनार्दनच्या हातातला पाना तसाच राहिला. त्याने विचारलं, "गाडी खालून पाहिलीस का?"

बस्त्याव हसला. "कशाला पाहू? तुमच्या हाताखालची गाडी आहे, जनूभाऊ. मला एवढं पुरे."

जनार्दनला ते शब्द सोसवले नाहीत. आणखी एखादं खोटं कारण सांगून बस्त्यावलाही परत पाठवता आलं असतं. पण मग तिसरा कोणी आला असता. तोही याच भरवशावर आला असता आणि त्याच्या मागच्या सीटवरही मुलंच बसली असती. आपण कोणालाही वाचवलेलं नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याने पाना खाली ठेवला, जॅक आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला, आणि बस्त्यावला म्हणाला, चल माझ्याबरोबर.

मोरजकरांच्या अंगणात सगळेच होते. केतकी गाडीतून आपली जुनी पुस्तकं आणि एक फाटकी छत्री काढून घेत होती. नंदिनी गादी बांधत होती. जनार्दन अंगणाच्या मधोमध उभा राहिला. येताना त्याने मनात बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही त्याला आठवलं नाही.

"सर, परवा मी तुमच्याशी अर्धंच खरं बोललो," तो म्हणाला. "इंजिन चांगलं आहे. सडलंय ते खाली, मी लावलेल्या पत्र्याच्या आत. दोन वर्षांपूर्वी कुजका भाग कापायला हवा होता, तो मी घाईत झाकला. परवा तो मला दिसला, तेव्हाही मी झाकलाच."

मग त्याने गाडी जॅकवर उचलली आणि सगळ्यांना वाकून पाहायला सांगितलं. स्क्रू ड्रायव्हर पुन्हा मुठीपर्यंत आत गेला. बस्त्यावने छातीवर क्रूस काढला.

सरांचा चेहरा पांढरा पडला. या दोन वर्षांत ते घाट कितीदा चढले-उतरले होते, ते बहुतेक त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावं. ते चिडणारे नव्हते. पण आता त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, जनूभाऊ, तुम्ही आता इथून जा.

जनार्दन वळला. तेवढ्यात नंदिनीने त्याला थांबवलं. तिने विचारलं, "असा पत्रा तेव्हा आणखी किती गाड्यांना लावलात?"

हा प्रश्न जनार्दनला सुचलाच नव्हता. तो पायरीवर बसला आणि बोटांवर मोजू लागला. त्या घाईच्या आठवड्यातल्या गाड्या त्याने एकेक करून आठवल्या. हीच धरून नऊ होत होत्या. त्याने तो आकडा सांगितला.

"आमच्याकडे एखादं औषध खराब निघालं, तर ज्यांना ज्यांना दिलं त्या सगळ्यांच्या घरी आम्ही जातो," नंदिनी म्हणाली. "आठ घरं राहिलीत. उजेड आहे तोवर निघा."

जनार्दन उठला. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलवरून आठ घरी फिरला. प्रत्येक दारात त्याने तेच सांगितलं, काहीही न गाळता. कोणी ऐकून घेतलं. कोणी चिडून बोललं. एका घरच्या म्हाताऱ्याने पाणी दिलं आणि मग पुन्हा आमच्या दारात येऊ नका असं सांगितलं. एका बाईने त्याच्यादेखत दुसऱ्या मिस्त्रीला फोन लावला. जनार्दन मान खाली घालून ऐकत राहिला. मात्र गाडी तपासल्याशिवाय चालवणार नाही, एवढं वचन प्रत्येकाकडून घेऊनच तो परतला.

पुढच्या तीन आठवड्यांत सहा गाड्या त्याच्या खड्ड्यावर आल्या. दोघांनी दुसरीकडे दाखवल्या. चार गाड्यांचा कुजका भाग कापून त्याने पदरमोड करून नवं लोखंड जोडलं. उरलेल्या दोन गाड्या दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या होत्या. त्या भंगारात काढा म्हणून त्याने सांगितलं, आणि का काढायच्या तेही दाखवलं. यंदाही गणपती तोंडावर आले होते, पण गॅरेजसमोर रांग नव्हती. बरेच लोक तालुक्याच्या गावी जाऊ लागले होते. कित्येक दिवस खड्डा रिकामा असायचा. जनार्दनला वाईट वाटायचं, पण जेवण मात्र पुन्हा जाऊ लागलं होतं.

मोरजकरांची गाडी भंगारात गेली. तिचं इंजिन बस्त्यावच्या मेव्हण्याने काढून घेतलं आणि एका होडीला बसवलं. केतकी एस.टी.ने कोल्हापूरला गेली.

दिवाळीनंतर एका सकाळी मोरजकर सर आणि नंदिनी गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले. जनार्दन घाईने उठला. बसायला स्टूल पुसून दिलं. सरांनी इकडचं तिकडचं बोलणं केलं नाही. तालुक्याला एक पाच वर्षांची गाडी विकायला आहे, ती पाहायला चला, असं ते म्हणाले.

जनार्दनला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्याने विचारलं, "सर, माझ्या शब्दावर गाडी घेणार?"

"पूर्वी वाटायचं, तुमची चूक होत नाही," सर म्हणाले. "आता वाटतं, झाली तर तुम्ही येऊन सांगाल. मला हे जास्त भरवशाचं वाटतं."

नंदिनी म्हणाली, चला, मला दुपारची ड्युटी आहे.

तालुक्याला त्या गाडीखाली जनार्दन तासभर पाठीवर पडून होता. विकणारा माणूस घड्याळ पाहून कंटाळला. जनार्दन बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा मातीने भरला होता. त्याने आधी सगळे दोष सांगितले. मागचे दोन टायर बदलावे लागतील, डाव्या दाराच्या खाली गंज धरू लागला आहे, क्लच वर्षभरात बदलावा लागेल. मग म्हणाला, "चासी चांगली आहे. दिसलं तेवढं सगळं सांगितलं. घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा."

सरांनी नंदिनीकडे पाहिलं. नंदिनीने किल्ली मागून घेतली.

परत येताना नंदिनीच गाडी चालवत होती. जनार्दन मागच्या सीटवर बसला होता आणि सवयीने कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकत होता. सर मागे वळून त्याला विचारत होते, खाऱ्या हवेत हिला जपायचं कसं. जनार्दन सांगत होता आणि सर पुठ्ठ्याच्या वहीत लिहून घेत होते.

ही गोष्ट गावात पसरली. हळूहळू एकेक गाडी पुन्हा खड्ड्यावर येऊ लागली. पण आता जनार्दनची रीत बदलली होती. काम संपलं की तो गाडीच्या मालकाला खड्ड्यात उतरवायचा, हातात दिवा द्यायचा आणि काय कापलं, काय जोडलं ते दाखवायचा. गाडी ठेवायची की काढायची, हे तो एका शब्दात सांगत नसे. आधी सगळं दाखवायचा, मग घरचे मिळून ठरवायचे.

तात्पर्य: आपली चूक कळली की ती पूर्ण सांगावी. अर्धी झाकली तर धोका टळत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या दारी जातो. आणि चूक पूर्ण कबूल करून ती निस्तरणाऱ्या माणसाच्या शब्दाला लोक पुन्हा मान देतात.