महाराजांचं बोट आणि मावळतीचं भांडं

सहा वर्षं मामाकडे काशीला गणित शिकून द्वारका निंबगडला परतली. तिला वाटलं होतं, बाबा ओसरीवर वाट पाहत असतील, काय काय शिकलीस म्हणून विचारतील. पण बाबा घरातच नव्हते! गडावरच्या दप्तरात कारकुनी करणारे बाबा, विसाजीपंत, आले, तोवर भात निवून गोळा झाला होता आणि त्यांचे डोळे लाल झाले होते.

“रोज असंच?” द्वारकेनं विचारलं.

“मानाजीराजांचा हुकूम आहे, बाळ. ‘मी म्हणेन तेव्हाच दिवस मावळला!’ मग महाराज जातात राणीसाहेबांशी सोंगट्या खेळायला, आणि म्हणायचं विसरतात.”

“आणि तुम्ही?”

“ते म्हणेपर्यंत आम्ही लिहीतच बसतो.”

दुसऱ्याच दिवशी द्वारका तडक दप्तरात राजांपुढे उभी राहिली. “महाराज, पाण्यानं वेळ मोजणारं एक भांडं आपल्या मेजावर ठेवू द्या. भांडं रिकामं झालं, की सगळ्यांचं काम बंद!”

दिवाणजी खो खो हसले. “शिकून आलीय ना!”

राजांनी मिशीला पीळ भरला. “ठेव की! पण आमची अट ऐक. दिवस किती उरला ते भांड्यानं दाखवायचं, पण आमची मर्जी असेपर्यंत तो संपू द्यायचा नाही. चार दिवसांत आण. नाही जमलं, तर बापाशेजारी बसून जन्मभर कागदांच्या नकला कर!”

विसाजीपंतांच्या हातातला बोरू गळून पडला.

चौथ्या दिवशी सकाळी द्वारकेनं वीतभर उंचीचं तांब्याचं भांडं राजांच्या मेजाच्या वर टांगलं. तळाला सुईच्या टोकाएवढं भोक, खाली वाटी. टप्... टप्... दिवसभर पाणी ठिबकत राहिलं. उन्हं उतरली, तेव्हा तळाशी जेमतेम चार थेंब उरले.

“आमची मर्जी नाही!” राजे गरजले. “थांबव ते!”

“आपणच थांबवा, महाराज. भोकावर बोट ठेवा. बोट आहे तोवर दिवस आहे!”

राजांनी बोट ठेवलं. थेंब थांबला! कारकुनांनी सुस्कारे सोडून पुन्हा माना खाली घातल्या.

राजे खूश झाले. “दिवाणजी, या. तुम्ही बोट धरा, आम्ही निघतो.”

“अगंबाई!” द्वारका म्हणाली. “मग उद्यापासून निंबगडात दिवस दिवाणजींच्या मर्जीनं मावळणार?”

पुढे आलेले दिवाणजी चटकन दोन पावलं मागे सरकले.

इतक्यात राणीसाहेबांची दासी आली. “महाराज, डाव मांडलाय.”

“पट इकडेच आण!”

“राणीसाहेब म्हणतात, त्या शाईच्या वासात मी यायची नाही. आणि आत्ता आला नाहीत, तर घाबरून हरलात असं गडभर सांगणार!”

राजांनी दाराकडे पाहिलं. मग बोटाकडे पाहिलं. पाय नुसते वळवळत होते.

“पोरी, सोडव यातून!”

“मी कोण सोडवणार? मर्जी आपली, बोट आपलं! आपण बसा, हे कारकून बसतील. आपण उठा, हे उठतील!”

राजांनी माना खाली घालून बसलेल्या कारकुनांकडे पाहिलं. मग असे गडगडून हसले, की बोट आपोआप सुटलं. टप्, टप्, टप्, टप्!

“मावळला! दिवस मावळला!” राजे दाराकडे धावले. धावता धावता त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून द्वारकेला दिलं. “गडावरची वेळ आजपासून तुझ्या ताब्यात. हवं ते कर!”

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकेनं काय करायचं ते ठरवलं आणि तांबटाला निरोप धाडला: “अशीच अकरा भांडी घडव. गडावरच्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या मेजावर एक!”

पहिलं कुणाच्या मेजावर जाणार हे कळताच दिवाणजींनी दोन्ही हात पाठीमागे लपवले.