भीम्याचं लोढणं

माणसं, मेंढ्या आणि कुत्री एकाच भाषेत बोलत, त्या काळची गोष्ट. धनगराच्या तळावर भीम्या नावाचं वासराएवढं कुत्र्याचं पिल्लू होतं. ते कोकरांचे कान चावायचं. म्हातारा कुत्रा कारभारी रोज खेकसायचा, पण भीम्या ऐकेना. शेवटी कारभारीनेच धनगराला सांगून भीम्याच्या गळ्यात जड लाकडी लोढणं अडकवलं.

"आता लागेल वळण," कारभारी म्हणाला. तेवढ्यात एक कोकरू कळप सोडून पळालं. कारभारीने त्याला कानाला धरून फरफटत आणलं.

भीम्या म्हणाला, "आजोबा, मी तुमचंच बघून शिकलो. तुमचं लोढणं कुठंय?"

"सांगा की, कारभारी!" एक मेंढी फिसकन हसली.

कोकराच्या कानातून रक्त येत होतं. कारभारीला कुणाकडे बघवेना. मान खाली घालून तो कोकराचा कान चाटू लागला.

लोढणं ओढत भीम्या आला आणि शेजारी बसून तसाच चाटू लागला.