सरडेबुवांची स्कूटर

माऊसला शेपूट असायची त्या काळी एका रानात सरडेबुवा व्हिडिओ गेम बनवत. त्यांच्या नव्या गेमचा नायक होता रूप बदलणारा रोबो. तो कधी क्रेन व्हायचा, कधी बोट. पण सरडेबुवांचा खरा जीव होता त्याच्या झोकदार स्कूटरवर.

शेजारच्या कासवीणबाई चित्र न्याहाळून म्हणाल्या, "हातांची तर चाकं झाली. आता किक कोण मारणार?"

सरडेबुवांना रागच आला. जिने जन्मात कधी रूप बदललं नाही, तिने आपल्याला शिकवावं? "बाई, तुम्ही नुसता रंग बघा," ते म्हणाले.

गेम बघायला सगळं रान लोटलं. पडद्यावर राक्षस गावावर चालून आला, तोही पायी, घामाघूम होऊन. रोबोने कोलांटी घेतली, खटाखट दुमडला आणि स्कूटर होऊन उभा राहिला. उभाच राहिला.

राक्षसाने इकडेतिकडे पाहिलं. मग जुन्या सवयीने स्कूटर जरा आडवी केली, सरळ केली, किक मारली आणि नायकावर बसून गाव लुटायला ऐटीत निघून गेला.

सरडेबुवा आधी पिवळे पडले, मग पांढरे.

कासवीणबाई मान आत घेता घेता म्हणाल्या, "स्कूटरचा रंग मात्र लांबूनही उठून दिसतोय हो."