कातळावरची अंडी

डोंगरउतारावरच्या एका जंगलात रानकोंबड्यांचा कळप राहत असे. मुलांनो, अंडी उबवणे म्हणजे एकवीस दिवसांचे बसणे. म्हणून एक चरायला गेली की दुसरी तिच्या अंड्यांवर बसे, अशा पाळ्या ठरलेल्या होत्या. त्यांतल्या तांबड्या कोंबडीची मागची अंडी मुंगसाने खाल्ली होती. आता पाच होती, आणि तिच्या वयाला ही शेवटचीच.

एके दिवशी कोल्हा आला. "काय बायांनो, अजून बसूनच? तो काळा कातळ बघा. दिवसा तापतो, रात्रभर ऊब धरतो. अंडी तिथे ठेवा. ऊन फुकट!"

"आणि आभाळ भरून आलं तर?" शेजारच्या बिळातल्या म्हाताऱ्या साळिंदराने विचारले. "ऊन चांगलंच आहे गं. पण ते साठवायला खोल खड्डा हवा. त्यात तापलेले गोटे भरायचे, वर पाचोळ्याचा जाड थर द्यायचा. महिनाभर सगळ्यांनी राबलं तर होईल. तोवर घरटी मोडू नका."

"ऐका! काटेरी आजोबा उन्हालाही खर्च सांगतात!" कोल्हा म्हणाला, आणि सगळ्या कोंबड्या खदखदून हसल्या. "घरटी मोडाच. नाहीतर जुनी सवय सुटणार कशी?" कोंबड्यांनी अंडी कातळावर नेऊन ठेवली, घरटी विस्कटली, पाळ्या सोडल्या आणि त्या लांब चरायला जाऊ लागल्या.

चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी ढग दाटले, ते तीन दिवस हटलेच नाहीत. कातळ गार पडला. कोंबड्या धावत आल्या, पण अंडी न्यायला घरटी कुठे होती? तांबडी पंख पसरून तिथेच बसली. वरून तिची ऊब, खालून दगडाचा गारठा. भूक लागली म्हणून उठावे, तर तिच्या जागी बसायला कुणी मोकळी नव्हती; प्रत्येक जण आपापल्या अंड्यांवर बसली होती. साळिंदर पाचोळा ओढून आणत राहिले. पुरला नाही.

एकविसावा दिवस उजाडला. एकाही अंड्यातून चोचीची टकटक आली नाही.

"तू म्हणालास, ऊन फुकट आहे!" तांबडी कोल्ह्यावर किंचाळली.

"फुकटच होतं की, बाई," कोल्हा एक अंडे फोडत म्हणाला. "ढगांबद्दल मी कधी काही बोललो होतो?"

तात्पर्य : ऊन आणि वारा फुकट असतात, त्यांची साठवण फुकट नसते. सूर्याची वीज स्वस्त म्हणून सांगणाऱ्याला आधी विचारा, ढगाळ दिवसांचा खर्च त्यात धरला आहे का. आणि उत्तर मिळेपर्यंत जुने घरटे मोडू नका.