बिननावाची वेल

वेळदऱ्याच्या राईत शिरलं की पन्नासेक पावलांवर एक बेहडा उभा आहे. त्याला मांडीएवढी जाड वेल विळखा घालून वर गेली आहे. या राईतल्या प्रत्येक झाडाला, झुडपाला, वेलीला गावाने नाव दिलेलं आहे. चिमुरडी पोरंसुद्धा ऐन, हिरडा, करवंद, चिल्हार धडाधड सांगतात. या एका वेलीला मात्र नाव नाही.

पाहुण्यांना राई दाखवणारे हैबती धिंदळे इथे थांबतात. मागे शहरातून झाडांचा अभ्यास करणारी मंडळी आली होती. त्यांच्यातल्या एका प्राध्यापकांनी वेलीकडे पाहून तोंड उघडलं, तोच हैबतीबाबांनी शेजारच्या कुड्याचं पान तोडून त्यांच्या हातात दिलं. "हे ओठांत धरा, सायेब. आधी गोष्ट ऐका, मंग बोला."

ती गोष्ट अशी सांगतात.

फार वर्षांपूर्वी लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. कणग्या रिकाम्या झाल्या. राहिले ते राईतले कंद. पण कंद असतो जमिनीखाली, आणि चैतात वेलीवर एक पान राहत नाही. वाळक्या काड्या तेवढ्या झाडांना गुंडाळलेल्या दिसतात. त्यातली गोड कोनफळाची कुठली आणि भुलकंदाची कुठली, हे ओळखायचं कसं? भुलकंद पोटात गेला की माणसाला भोवळ येते, जीभ जड होते, आणि जास्त खाल्ला तर माणूस उठत नाही.

गावाचा कारभार येसू नाईकाकडे होता. नाईक म्हातारा, आवाज मोठा, आणि कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार. त्याने सांगितलं, "ऐनावर चढलेली वेल गोड, बेहड्यावरची भुलीची. माझ्या आज्यापासून चालत आलंय." कुणी विचारलं नाही, की आज्याने तरी कुठून काढलं. लोकांनी ऐनाखाली खणलं आणि खाल्लं.

दुसऱ्या दिवशी चार घरांत माणसं आडवी झाली. त्यात भिवराची आई होती.

भिवरा सतरा-अठराची. मोळ्या विकणारी, तोंडाने फटकळ. गाव तिला "झाडावरचं माकड" म्हणायचं, कारण मोळी बांधायला लागणाऱ्या वाळक्या वेली ती झाडांवरून उलगडून आणायची. आई डोळे मिटून पडलेली. भिवरा तिच्या ओठांवर पाणी सोडत होती, तेवढ्यात बाहेर दवंडी झाली. राईची आई, म्हणजे राईतली देवी, कोपली आहे, आता एकही कंद खणायचा नाही, उद्या सकाळी गाव पोटासाठी घाट उतरणार.

भिवरा तशीच चावडीवर गेली.

"माझी आई चालू शकत नाय, नाईकबाबा."

"दिसतंय मला," नाईक म्हणाला. "तिच्याजवळ पाण्याचा हंडा भरून ठेव. राईची आई सांभाळील."

"म्हंजे टाकून जायचं."

"चार घरांपायी गाव मारू का?"

 रडण्याऐवजी भिवराचं डोकं भराभर चालायला लागलं. आईने खाल्लेला कंद ज्या ऐनाखाली खणला, त्याच्यावरची वेल मागाहून तिने स्वतःच मोळीसाठी उलगडली होती. काटे हाताला बोचले होते, आणि झाडाभोवती उलटं फिरावं लागलं होतं. उलटं! धारांची वेल उलगडताना तिचे पाय आपोआप एका बाजूने फिरत, काटेरी उलगडताना दुसऱ्या, आणि तिने त्याचा कधी विचारच केला नव्हता. आता तो विचार एखादा दिवा पेटावा तसा पेटला.

"वेल झाडाची नसते," ती म्हणाली. "तिला ऐन मिळाला ऐनावर चढते, बेहडा मिळाला बेहड्यावर. तिची ओळख तिच्या अंगावर आहे. कोनफळाच्या वेलीला चार धारा असतात आणि ती उजव्या हाताकडे वळत चढते. भुलकंदाची वेल गोल, काटेरी, डावीकडे वळते. मी सांगते. पहिला घास मी खाते."

चावडी हसली. एक म्हातारा म्हणाला, "मोळीवाली आता वैदू झाली." नाईकाने मात्र हसू आवरलं. "राईत चल. एकूण एक वेल ओळखायची. एक जरी चुकली तर सकाळी गुमान चालू लागायचं. आणि डोळे बांधून. खुणा करून ठेवल्या असशील."

"बांधा की. पानं गळून गेलीत, डोळ्यांना दिसण्यासारखं उरलंय काय?"

भर दुपारी सारं गाव राईत जमलं म्हणे. तिच्या डोळ्यांवर धडपं बांधलं. भिवराने पहिल्या खोडाला हात लावला. "हा हिरडा. वरची वेल चौधारी, उजवी. खणा." पुढचा ऐन. बोटाला काटा लागला. "डावी. सोडा." मागून म्हातारे ओरडत होते, कुणी मुद्दाम चुकीचं सांगत होते, कुणी खोकत होते. तिला ऐकू येत होता फक्त हाताखालचा पीळ. बारा झाडं झाली, वीस झाली. ती चालणं सोडून जवळजवळ पळायला लागली, आणि मागे बायकांच्या कुदळी खणाखण वाजायला लागल्या. टोपलीत मातीने माखलेले कंद पडू लागले तसं हसणाऱ्या चेहऱ्यांवरचं हसू मावळलं.

मग ती बेहड्यापाशी आली. वेल जाड होती, उजवीकडे वळली होती. पण अंग गोल होतं. काटा नव्हता, धारही नव्हती. भिवराचा हात वर गेला, खाली आला, परत वर गेला.

"उजवी आहे गं," बायकांतून कुणीतरी कुजबुजलं. "म्हण गोड. शेवटचीच आहे."

एवढ्या जाड वेलीखाली केवढा कंद असेल! एक शब्द बोलली की गाव थांबणार होतं आणि आई वाचणार होती. 

"हिचं मला ठाऊक नाय," ती म्हणाली.

"मग हरलीस," नाईक म्हणाला.

तिने डोळ्यांवरचं धडपं ओढून काढलं. "हरले तर हरले. पण ठाऊक नसताना ठाऊक आहे म्हणून कुणीतरी सांगितलं, नाईकबाबा, म्हणून माझी आई पडलीय. मी दुसऱ्या कुणाच्या आईला पाडणार नाय."

 नाईकाने तोंड उघडलं.  शेजारी नुकती पालवी फुटलेला कुडा होता. त्याने त्याचं एक कडू पान तोडलं, ओठांत धरलं आणि टोपलीशेजारी मांडी घालून बसला. मग एकेक म्हातारा तसाच पान ओठांत धरून, तोंड मिटून बसला.

तिथेच चुली पेटल्या. भिवराने प्रत्येक खड्ड्यातल्या कंदाचा घास स्वतः खाल्ला. ऊन उतरेपर्यंत सगळे तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. तिला भोवळ आली नाही. उलट ती म्हणाली, "मीठ आणा कुणीतरी." तेव्हा गाव जेवलं. घाट कुणी उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी आई उठून बसली आणि पहिला प्रश्न तिने विचारला तो, मोळी विकली का.

बेहड्यावरच्या त्या वेलीखाली कुणी खणलं नाही. भिवराला पुढे लोकांनी वेलीचं नाव ठेवायला सांगितलं, तर ती म्हणाली, "ठाऊक झालं की ठेवीन." तिला ते शेवटपर्यंत झालं नाही.

आजही अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी वेळदऱ्याच्या मुली डोळे बांधून राईत शिरतात आणि हाताने झाडं, झुडपं, वेली ओळखतात. तेवढा वेळ गावातले सगळे म्हातारे ओठांत कुड्याचं पान धरून बसतात, हैबतीबाबासुद्धा. मुली बेहड्यापाशी येतात, हात वर नेतात, खाली आणतात आणि एका सुरात म्हणतात, "ठाऊक नाय." त्यावर सारी राई टाळ्या वाजवते.

त्या प्राध्यापकांनी गोष्ट संपल्यावर ओठांतलं पान काढलं. वेलीकडे पाहिलं. मग, सांगतात, पान पुन्हा ओठांत धरलं.